चौकात डबा घेऊन उभं राहायचं तर परवानगी कोणाची? (माजी सैनिक, पुणे)

धायरीफाटा
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असतो. आज अडलोय म्हणून लिहितोय.

बाबा सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. आमच्या भागात त्यांच्यासारखे अकरा जण आहेत. दर रविवारी सकाळी देवळामागच्या पारावर जमतात, चहा होतो, पेन्शनच्या थकबाकीवर तावातावाने चर्चा होते, आणि ज्याच्या घरून आधी फोन येईल तो आधी उठतो. त्यांच्यातलेच एक काका गेल्या वर्षी गच्चीवरून पडले. मणक्याला मार बसला, कमरेखालचं गेलं. उपचार ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून झाले, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण घरी आणल्यावर कळलं की चाकाची खुर्ची न्हाणीघराच्या दारातून आतच जात नाही. दार पावणेदोन फूट, खुर्ची दोन फुटांच्या वर. उंबरठा फोडायचा, दार रुंद करायचं, बाहेर उतार बांधायचा, आणि जमलं तर बाजूला जादा चाकं लावलेली स्कूटर. हिशेब सव्वादोन लाखांवर गेला. अकरा जणांनी आपापसात ४० हजार काढले. उरलेल्यासाठी रविवारी चौकात उभं राहायचं ठरलं.

डबे बिस्किटांचे, पत्र्याचे. झाकणाला चीर पाडून कडेने चिकटपट्टी लावलेली. बाबांनी ब्लेझर काढला, पदकं लावली. आई म्हणाली, "भाचीच्या लग्नात सांगत होते तेव्हा नाही घातलात." साडेसातला उभे राहिले, भाजीवाल्यांच्या रांगेच्या कडेला. लोक देत होते. सव्वाआठला दोन पोलीस आले. अगदी अदबीने बोलले, एकाने तर सलाम ठोकला, आणि मग विचारलं, "साहेब, परवानगी कोणाची घेतलीय?" कोणाचीच नव्हती. डबे पिशवीत गेले.

सोमवारपासून मी फिरतोय. एका कार्यालयात म्हणाले, हे आमच्याकडे येत नाही, पोलिसांकडे जा. तिथे म्हणाले, आधी धर्मादायचं पत्र आणा. तिसरीकडे विचारलं, "टेबल टाकणार का?" म्हटलं, नाही. "मग आमच्याकडे कशाला आलात?" चौथ्या ठिकाणी जेवणाची सुट्टी होती.

हे कोणी केलंय का? जायचं नक्की कुठे? आणि त्या दिवशीचे २,३४० रुपये डब्यात तसेच आहेत, त्यांचं काय करायचं? बाबा कोणाला हात लावू देत नाहीत.

पेठेतलाच
चौथ्या ठिकाणी जेवणाची सुट्टी होती म्हणजे तेच बरोबर कार्यालय असणार. परत जा.

संतापराव
लाज वाटली पाहिजे आपल्याला. ही माणसं सियाचीनला उभी राहिली तेव्हा कोणी परवानगी विचारली होती? गणपतीत दारात येऊन "काका, एवढेच का?" विचारणारी पोरं चालतात. रस्ता अडवून वाढदिवसाचे केक कापलेले चालतात. ब्लेझर घालून गप्प उभा राहिलेला सुभेदार तेवढा नियमात बसत नाही. धागाकर्ते, कसलीही परवानगी न घेता पुढच्या रविवारी उभे राहा, मी शंभर जण घेऊन येतो.

सहकारनगर_दोन
संतापराव, शंभर जणांनी दोन-दोन हजार रुपये दिले तर चौकात यायची गरजच उरणार नाही, एवढं सुचवून पुढे लिहिते.

तीन वर्षांपूर्वी माझ्या आईकडे दोघं आले होते. अंगात चट्ट्यापट्ट्यांची फौजी विजार, पायात बूट, हातात प्लॅस्टिकमध्ये घातलेला एका जवानाचा फोटो. "वीरपत्नींसाठी" म्हणून तिने पाच हजार दिले. पावती झकास होती, वर तिरंगा, खाली अशोकस्तंभ, शिक्का गोल. पावतीवरच्या नंबरला फोन लावला तर तो एका लाकडाच्या वखारीत लागला. आई पैशांसाठी नाही रडली. "मी त्यांना लाडू दिले गं," एवढंच म्हणत राहिली.

त्यामुळे परवानगी विचारणाऱ्या त्या पोलिसांचा मला राग येत नाही. खऱ्या माणसाला विचारल्याशिवाय खोटा सापडणार कसा?

जमाखर्च
मी वकील नाही. पंचवीस वर्षं लहानसहान ट्रस्टचे हिशेब लिहितोय, त्यामुळे ही खिडक्यांची वारी पाठ आहे.

तुम्ही एक परवानगी शोधताय, आणि तशी एकच परवानगी आपल्याकडे नाही. पैसे मागणं हा एक विषय, रस्त्यावर उभं राहणं हा दुसरा, ती जागा कोणाची हा तिसरा. प्रत्येक खिडकीने तुम्हाला खरंच सांगितलं, फक्त आपापल्या तुकड्यापुरतं.

पैशांचं आधी. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०, कलम ४१ क. नोंदणीकृत ट्रस्ट नसताना धर्मादाय कारणासाठी लोकांकडून पैसे गोळा करणाऱ्यांसाठी ते आहे. नोंदणी नसलेली गणपती मंडळं वर्गणीला परवानगी घेतात ती यातलीच. पुण्याचं सह धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय ढोले पाटील रस्त्याला. सगळ्यांच्या सह्यांचा ठराव, जबाबदार माणसांची ओळखपत्रं, पैसे कशासाठी ते स्वच्छ लिहिलेलं, आणि नंतर जमाखर्च. संतापराव म्हणतात त्या पोरांनाही हे लागू आहे. पाळत नाहीत, ती गोष्ट निराळी.

आता खोच. धर्मादाय कारण कशाला म्हणायचं हे त्याच कायद्याच्या कलम ९ मध्ये दिलंय: गरिबी किंवा संकटातली मदत, शिक्षण, वैद्यकीय मदत, सार्वजनिक हिताची कामं वगैरे. एका काकांचं न्हाणीघर बांधायला काढलेले पैसे त्यात बसतात का, असं समोरचा अधिकारी विचारू शकतो, आणि तो प्रश्न मूर्खपणाचा नाही. उलट बाजूने बघा. ओळखीच्या माणसांनी आपल्या मित्रासाठी पैसे काढले तर त्याला कोणाच्याही सहीची गरज नाही, काकूंच्या खात्यात थेट टाका. भानगड सुरू होते ती अनोळखी माणसापुढे डबा धरल्यावर.

रस्त्याचं. आपल्याकडे १९५९ चा मुंबई भिक्षाप्रतिबंधक कायदा आहे. सार्वजनिक जागी हात पसरणं त्यात येतं. कायद्याने किंवा रीतसर परवानगीने चाललेलं संकलन त्याच्या व्याख्येतून वगळलंय. म्हणजे कागद नसेल तर ब्लेझरमधले सुभेदार आणि सिग्नलवरचा म्हातारा कायद्याच्या नजरेत एका रांगेत. कडू आहे, पण असं आहे. म्हणून पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या: तारीख, वेळ, नेमकी जागा, उभं राहणाऱ्यांची नावं. आणि पोच घ्या. तोंडी "चालतंय की" म्हणणाऱ्या साहेबांची नेमकी शनिवारी बदली होते.

जागेचं. टेबल, छत्री, फलक फुटपाथवर आला की महापालिका. हातात डबा असेल तर तिसऱ्या खिडकीवरचा माणूस बरोबर बोलला. पण एम. जी. रोडला गेलात तर ती हद्द पुणे कॅन्टोन्मेंटची, खडकी बाजार खडकी कॅन्टोन्मेंटचा. रेल्वे स्टेशनवर नकोच, तिथे रेल्वे कायद्याचं कलम १४४ आहे.

२,३४० रुपये आज मोजा. नोटा-नाण्यांचा तपशील कागदावर, पाच जणांच्या सह्या, आणि बँकेत. डब्यात ठेवलेला पैसा कितीही प्रामाणिक असला तरी डब्यातलाच.

चिंचवडकर
भर: पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय २०१८ पासून वेगळं आहे. पुण्याच्या ठाण्याचं पत्र दाखवून वाकडला उभं राहू नका. आमच्या सायकल ग्रुपने हा शहाणपणा करून झालाय.

भाषातज्ज्ञ_नसलेला
विषयांतर: वर कोणी "गुल्लक" लिहिलं नाही हे पाहून बरं वाटलं. मराठीत गल्ला.

पेठेतलाच
गल्ला दुकानदाराचा. देवळात दानपेटी. चौकात डबाच. चालू द्या.

निवृत्त_हवालदार
जय हिंद. माझे दोनच प्रश्न आहेत.

पहिला, डब्यावर "ध्वजदिन" किंवा "सैनिक कल्याण निधी" असं काही लिहिलं होतं का? लिहिलं असेल तर आजच पुसा. सशस्त्र सेना ध्वजदिन ७ डिसेंबरला, १९४९ पासून. तो छोटा कागदी झेंडा आठवतो ना, लाल, गडद निळा, फिकट निळा, तीन दलांचे तीन रंग. त्याचं संकलन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत चालतं, जिल्हाधिकारी त्यात प्रमुख असतात. पूर्वी असे तीन-चार वेगवेगळे निधी होते, ते १९९३ मध्ये एकत्र केले. त्या नावाने आपण परस्पर डबा फिरवायचा नाही. माजी सैनिकाने तर मुळीच नाही.

दुसरा, स्कूटरसाठी लोकांपुढे डबा का? तुमचे काका त्या कार्यालयात गेलेत का? नोकरी संपल्यानंतर ज्याला ५० टक्के किंवा जास्त अपंगत्व आलं, अशा माजी सैनिकाला बदल केलेल्या स्कूटरसाठी केंद्रीय सैनिक बोर्डाची मदत आहे. अर्ज जिल्हा कार्यालयातूनच वर जातो. डिस्चार्ज बुक, ओळखपत्र, अपंगत्वाचा दाखला घेऊन जा. आपल्या माणसांची खोड मला माहीत आहे. युनिटमध्ये दुसऱ्यासाठी भांडतील, स्वतःचा फॉर्म भरायला लाजतील.

आणि गणवेश घालून कोणी उभं राहू नका. सैनिक नसताना तसा भासवणारा पोशाख घालणं गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम १६८. तुम्ही खरे असलात तरी बघणाऱ्याला काय कळणार? ब्लेझर आणि पदकं ठीक.

वेळ मिळाला तर काकांना खडकीला पॅराप्लेजिक सेंटरमध्ये घेऊन जा. १९७४ पासून आहे. खुर्चीवर बसून बास्केटबॉल खेळणारी पोरं आहेत तिथे. दार किती रुंद हवं, उतार किती लांब हवा, हे इंजिनियरपेक्षा त्यांना जास्त कळतं.

संतापराव
हवालदारसाहेब, तुमच्याबद्दल आदर आहे. पण मग लोकांनी द्यायचंच नाही का? सगळं फॉर्म भरून?

घोरपडीकर
द्यायचं की. आमच्या घोरपडीतलं राष्ट्रीय युद्धस्मारक लोकांच्या पैशांतून उभं राहिलं, १९९८ मध्ये. मी तेव्हा सातवीत होतो, वर्गातून गोळा करून दिले होते. माझे पाच रुपये त्या मिग विमानाच्या कुठल्या चाकात गेले हे अजून शोधतोय. पण यादी झाली होती, फळ्यावर नावं होती. बाईंनी एकेक रुपया मोजून घेतला होता.

यॉर्कशायरची_वहिनी
मूळची शनिवार पेठेतली, आता पंधरा वर्षं इंग्लंडमध्ये. धागा वाचून राहवलं नाही, कारण माझ्या शेजारच्या आजोबांबरोबर मी चार वर्षं नोव्हेंबरात कागदी पॉपी, म्हणजे युद्धात गेलेल्या सैनिकांच्या आठवणीसाठी लावायचं लाल फूल, विकत उभी राहिलेय.

इथे नेमकी तीच एक परवानगी आहे जी जमाखर्च म्हणतात आपल्याकडे नाही. स्ट्रीट कलेक्शन परमिट. गावाची कौन्सिल देते, लंडनमध्ये पोलीस. माजी सैनिकांची संस्था असली तरी सूट नाही, रॉयल ब्रिटिश लीजनच्या लोकांनाही अर्ज करावा लागतो. मूळ कायदा १९१६ चा. पहिल्या महायुद्धात रस्त्यावर छोटे कागदी झेंडे टोचून पैसे घ्यायची इतकी लाट आली की खरं-खोटं कळेना, म्हणून तो आणला. अशा दिवसाला इथले लोक "फ्लॅग डे"च म्हणायचे. हवालदारकाकांचा ध्वजदिन त्याच घराण्यातला. स्वातंत्र्याआधी आपल्याकडेही ११ नोव्हेंबरला पॉपी डे व्हायचाच. लीजन १९२१ ची, पॉपीही त्याच वर्षापासून.

नियम इतके बारीक की आमच्या पेठेची आठवण येते. सोळा वर्षांखालचं पोर चालत नाही. एका जागी उभं राहायचं, लोकांच्या मागे जायचं नाही. दोन डबेवाल्यांत २५ मीटर. उभं राहणाऱ्याला पैसे द्यायचे नाहीत. डब्याला नंबर आणि सील, ते फोडल्याशिवाय उघडता येता कामा नये. महिन्याभरात कौन्सिलला हिशेब: किती जमले, खर्च किती, कोण कोण उभं होतं. आजोबांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, डबा खुळखुळवायचा नाही. मी एकदा थंडीने हात हलवले तर त्यांनी वळून पाहिलं.

सुपरमार्केटच्या दारात, छपराखाली, मालकाच्या जागेत उभं राहिलं की रस्त्याचं परमिट लागत नाही, मॅनेजरची परवानगी पुरते. म्हणून थंडीत सगळे तिकडे पळतात. पुण्यातही एखाद्या दुकानदाराने काउंटरवर डबा ठेवू दिला तर फुटपाथचा प्रश्न मिटेल ना?

जमाखर्च
फुटपाथचा मिटेल, ४१ क चा नाही. आणि दुकानातल्या डब्याची किल्ली दुकानदाराकडे नको. बाकी २५ मीटरची अट लक्ष्मी रोडला लावली तर तिसरा डबेवाला नदीपात्रात उभा राहील.

धायरीफाटा
सगळ्यांचे आभार. काल रात्री धागा बाबांना वाचून दाखवला. चूक केली की काय कळेना.

भिक्षाप्रतिबंधकाचा परिच्छेद आला तिथे त्यांनी हात वर केला. "परत वाच." परत वाचला. मग उठून आत गेले. मला वाटलं, चिडले. पण ते ब्लेझरवरची पदकं काढून डबीत ठेवत होते, एकेक, खालच्या कापसात दाबून. बाहेर येऊन म्हणाले, "त्या पोराने सलाम केला होता. म्हणजे त्याला हा कायदा माहीत होता आणि तो बोलला नाही." त्यानंतर जेवेपर्यंत गप्प.

आईने विचारलं, भीक म्हणतात म्हणून वाईट वाटलं का? म्हणाले, "नाही. आपण टेहळणी न करता पुढे गेलो, त्याचं वाटलं."

डब्यातले पैसे मोजले. २,३४० च. पाच सह्या. डब्यावर फक्त "आमच्या साथीदारासाठी" लिहिलं होतं, हवालदारकाका, ध्वजदिन नाही.

सहकारनगर_दोन
तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. काकूंच्या खात्याचा नंबर इथे उघड टाकू नका, मला निरोप पाठवा.

जमाखर्च
मलाही. आणि देणाऱ्यांनी हे समजून द्या: ही वैयक्तिक मदत आहे, आयकरात देणगीवरची ८०जी ची सवलत मिळणार नाही. सवलत हवी असेल तर केंद्रीय सैनिक बोर्डाच्या संकेतस्थळावरून ध्वजदिन निधीला द्या. तेही शक्यतो रोख नको, दोन हजारांवरच्या रोख देणगीला सवलत नाही.

पेठेतलाच
धायरीफाटा, निरोप पाठवलाय. रक्कम बघून हसू नका. पेठेच्या मानाने जास्त आहे.

धायरीफाटा
तीन महिन्यांनी लिहितोय, उशिराबद्दल क्षमस्व.

स्कूटरचा अर्ज जिल्हा कार्यालयातून पुढे गेलाय. तिथल्या बाईंनी पहिल्याच फेरीत सांगितलं की दाखल्यावर टक्केवारी आकड्यात आहे, अक्षरात नाही, ती करून आणा. काका म्हणाले होते, "मला कशाला, तरुण पोरांना द्या." बाबांनी त्यांना अर्जावर सही करायचा हुकूम दिला. हुकूमच. काका हवालदार, बाबा सुभेदार, त्यामुळे सही झाली.

न्हाणीघराचे पैसे पारावरच्या मंडळींनी, आमच्या दोन सोसायट्यांनी आणि या धाग्यावरच्या नऊ जणांनी दिले. संतापरावांनी एकट्याने सात हजार पाठवले, आणि खाली लिहिलं, "तरीही मला पटलेलं नाही." चौकात परत उभं राहावं लागलं नाही. बाबांना मात्र ते अर्धवट सोडून आल्यासारखं वाटत होतं. म्हणून ७ डिसेंबरला ते पाच जण झेंडे आणि पावत्या घेऊन त्याच भाजीवाल्यांपाशी उभे राहिले, जिल्हा कार्यालयाचं पत्र आणि ठाण्याची पोच खिशात. ती कोणी मागितली नाही. बाबांनी दोनदा आपणहून काढून दाखवली, एकदा तर कोथिंबीरवालीला.

दार आता तीन फूट आहे. खडकीच्या मंडळींनी सांगितलं म्हणून कडी खाली लावली, बसून हात पोचेल अशी. पहिल्या दिवशी काका आत गेले आणि त्यांनी आतून कडी लावली. चौदा महिन्यांत पहिल्यांदा. काकू बाहेरून दार वाजवतायत, "अहो, ठीक आहे ना?" आणि आतून फक्त नळाचा आवाज. वीस मिनिटं.

यॉर्कशायरची_वहिनी
वीस मिनिटं. अगदी डोळ्यांपुढे आलं.

जमाखर्च
छान झालं. २,३४० ची नोंद कशात घेतलीत?

धायरीफाटा
"चौकातून जमा, दाते अनोळखी" म्हणून. जमाखर्चाचा कागद देवळाच्या फलकावर लावलाय, कडीचे १८० रुपयेही त्यात आहेत. एक वीसची नोट इतकी फाटकी होती की बँकेने घेतली नाही, ती बाबांनी ठेवून घेतली आणि आपली घातली. त्यामुळे आकडा तोच आहे.